घोट्याची जुनी दुखापत, बोर्डाने लिहिलं ‘आजार’: डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील कसं करावं?

सडेकर (देवगड) विचारतात:

राम राम मंडळी. तालुक्यातल्या एका निवृत्त नाईकांची (हे आडनाव नव्हे, लष्करातला हुद्दा) फाइल समोर घेऊन बसलोय. नाव-नंबर देत नाही, फक्त मुद्दे देतो.

पायदळ, १७ वर्षं सेवा, २०१९ मध्ये मुदत पुरी होऊन डिस्चार्ज. २०११ मध्ये युनिटच्या कंपनी-कंपनी कबड्डी सामन्यात उजवा घोटा मोडला. बाहेरच्या अंगाचं हाड. मिलिटरी हॉस्पिटलात ऑपरेशन, प्लेट आणि सहा स्क्रू. आधी ए-३ टेम्पररी मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची लष्करी श्रेणी), मग ए-२ पर्मनंट, ती निवृत्तीपर्यंत तशीच.

रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे एएफएमएसएफ-१६ वर, निदान लिहिलंय ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस राइट अँकल’. टक्केवारी २०, आयुष्यभरासाठी. कारणाच्या रकान्यात ‘नाना’, आणि खुलासा असा की त्रास पीस स्टेशनला (शांत ठिकाणच्या नेमणुकीत) सुरू झाला, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सच्या (बंडखोरविरोधी मोहिमांच्या) ताणाशी काळाचा जवळचा संबंध नाही. त्याच वर्षी रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं: क्लेम नामंजूर, सहा महिन्यांत अपील करा. अपील केलंच नाही. पत्र ट्रंकेत गेलं.

आता प्रश्न. इतकी वर्षं उलटली, अजून काही होतं का? इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६, त्यांच्याकडे नाही, त्याचं काय करायचं? २० चे ५० होतात म्हणतात ते कोणत्या आधारावर? आणि जिल्हा रुग्णालयाचा ४० टक्के अपंगत्वाचा दाखला त्यांनी काढलाय, तो जोडला तर वजन पडेल का?

फाइलवाला (ओरोस):

सडेकर, मुदत, टक्केवारी, दाखला हे सगळं मागाहून. या फाइलीचा जीव निदानाच्या एका ओळीत अडकलाय. बोर्डाने ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ लिहिलं तेव्हाच घोटा दुखापतीच्या खात्यातून उचलून आजाराच्या खात्यात टाकला गेला. दोन्ही खात्यांची मोजपट्टी निराळी आहे.

आजार असला की बोर्ड विचारतं: फील्डला होता का, उंचावर होता का, सीआय ऑप्समध्ये होता का, आणि तिथून निघाल्यावर किती दिवसांत त्रास सुरू झाला. दुखापत असली की यातलं काही विचारायचं कारण नाही. तिथे दोनच गोष्टी बघतात. त्या वेळी जवान ड्यूटीवर होता का, आणि दुखापतीचा सेवेशी धागा लागतो का. पीस स्टेशनला मोडलेलं हाड काही कमी मोडत नाही. तुमच्या नाईकांना ‘नाना’ मिळाला तो चुकीच्या पट्टीने मोजून. अपिलाचा पहिला आणि खरं तर एकमेव मुद्दा हाच ठेवा.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, हे नाना म्हणजे कुणाचे वडील नव्हेत. ‘नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड’ची ती लष्करी आद्याक्षरं. दुखणं सेवेमुळे झालं नाही आणि सेवेमुळे वाढलंही नाही, एवढाच अर्थ. हा शेरा असेल तर टक्केवारी कितीही असो, डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळत नाही.

नियम कुठले लागतात ते डिस्चार्जच्या तारखेवर ठरतं. १ जानेवारी २००८ च्या आधी बाहेर पडलेल्यांना १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स, त्यानंतर २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून २०२३ चे. व्हॉट्सअॅपवर फिरणारे मसुदे या तिन्हींची खिचडी करतात. २०१९ म्हणजे २००८ चे नियम, दुसरं काही घुसडू नका.

या नियमांत ड्यूटीची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. लष्करी अधिकाऱ्यांनी भरवलेले किंवा परवानगी दिलेले खेळ तिच्यात बसतात. कंपनी-कंपनी कबड्डी म्हणजे ड्यूटी. हाच घोटा सुटीत गावच्या मंडळाच्या मॅटवर मोडला असता तर गोष्ट वेगळी होती, सुटीतल्या खाजगी उद्योगात झालेली दुखापत सुप्रीम कोर्टानेही मान्य केलेली नाही. म्हणून सामना युनिटचा होता हे कागदावर यायलाच हवं. ‘खेळताना पडलो’ एवढ्यावर भागत नाही.

पुराव्याचा भार कुणावर, यात बरेच जण फसतात. २००८ चे नियम म्हणतात की एरवी अर्जदाराला हक्क सिद्ध करायला सांगितलं जाणार नाही. मात्र डिस्चार्जनंतर १५ वर्षं उलटून गेल्यावर क्लेम केला, तर भार अर्जदारावर येतो, कारण तोवर सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झालेले असतात. तुमचे नाईक १५ वर्षांच्या बरेच आत आहेत. हे वाक्य अपिलात घाला.

धरमवीर सिंगचा २ जुलै २०१३ चा निकाल सगळेच जोडतात. भरतीच्या वेळी दोष नोंदवलेला नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं आणि बोर्डाने उलट मत दिलं तर कारणं द्यायची, हे त्याचं सार. जोडा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. तो १९८२ च्या नियमांवरचा आहे आणि सरकारी वकील पहिल्याच तारखेला तेवढं बोलून दाखवतात. ड्यूटीवरची दुखापत सिद्ध झाली तर गृहीतकाची गरजही उरत नाही.

आता २० चे ५०. याला ब्रॉड बँडिंग किंवा राउंडिंग ऑफ म्हणतात. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ ते १०० असेल तर १००. ही सोय आधी फक्त इनव्हॅलिड होऊन गेलेल्यांना, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलेल्यांना, होती. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागते हे राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं. पण ती मागावी लागते. मागणीच्या परिच्छेदात ‘डिसॅबिलिटी एलिमेंट २० टक्के, राउंड ऑफ करून ५० टक्के, आयुष्यभरासाठी’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘डिसॅबिलिटी पेन्शन मिळावी’ लिहिलं तर २० वर मंजुरी येऊ शकते आणि उरलेल्यासाठी पुन्हा फेरा.

पैशात सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. शेवटचं गणनेचं वेतन ४०,००० धरलं तर २० टक्क्यांना महिना २,४०० आणि ५० धरून ६,०००, वर महागाई भत्ता. सर्व्हिस पेन्शन आहे ती वेगळी चालूच राहते.

घोटामिस्त्री (चिपळूण):

वैद्यकीय बाजू मी घेतो.

गुडघा आणि घोटा यांत मोठा फरक आहे आणि बोर्डाच्या कागदावर तो हरवतो. गुडघा वयाने, वजनाने झिजतो. घोट्याचं तसं नसतं. घोट्यात आर्थ्रायटिस दिसला तर मागे बहुतेक वेळा जुनं फ्रॅक्चर किंवा पुन्हा पुन्हा मुरगळून सैल झालेलं लिगामेंट सापडतं. कारण साधं आहे. टॅलस हे घोट्याचं हाड दोन बाजूंच्या हाडांच्या चिमट्यात बसतं. चिमटा जरासा उघडला की हाड सरकतं आणि सगळा भार छोट्या जागेवर येतो. टॅलस १ मिलिमीटर बाहेर सरकलं तर टेकणारा पृष्ठभाग सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, हे १९७६ सालच्या प्रयोगातून दिसलेलं आहे आणि ऑर्थोच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जातं. मग आठ-दहा वर्षांत सांधा झिजतो यात नवल काय?

म्हणून ऑर्थोपेडिक सर्जनकडून निदानाची ओळ अशी यायला हवी: ‘उजव्या घोट्याचं जुनं, ऑपरेशन केलेलं लॅटरल मॅलिओलस फ्रॅक्चर, इम्प्लांट जागेवर, त्यानंतर उद्भवलेला पोस्ट-ट्रॉमॅटिक आर्थ्रायटिस’. यातला ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर कागद काढून उपयोग नाही. डावा घोटा निरोगी असेल तर तेही लिहून घ्या. वयाची झीज असती तर दोन्हीकडे थोडीफार दिसली असती, हा मुद्दा कुणालाही पटतो.

तपासणीत काय मागायचं. एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊन काढायचा. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये सांध्यातली फट फसवी दिसते. समोरून, बाजूने आणि मॉर्टिस, म्हणजे पाय १५ ते २० अंश आत वळवून, असे तीन. दोन्ही पायांचे, तुलनेसाठी. प्लेट-स्क्रू आत असल्यामुळे एमआरआयमध्ये धातूच्या सावल्या येतात, सांध्याचा पृष्ठभाग बघायचा तर अशा वेळी सीटी बरा.

हालचाल गोनिओमीटर लावून अंशांत लिहून घ्या. ‘हालचाल कमी’ हा शेरा बिनकामाचा. पाऊल वर उचलण्याची निरोगी मर्यादा साधारण २० अंश, खाली दाबण्याची ४५ ते ५०. वर उचलणं गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा मोजावं. फक्त सरळ गुडघ्यात कमी भरलं तर दोष पोटरीच्या आखडलेल्या स्नायूत आहे, सांध्यात नाही, आणि बोर्डातले डॉक्टर हे नक्की बघतात. पोटरीचा घेर दोन्ही पायांचा, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर. दुखऱ्या पायाची पोटरी बारीक असेल तर तो पाय वर्षानुवर्षं कमी वापरला जातोय याचा तो खोटा न करता येणारा पुरावा.

अजून एक. सपाट फरशीवर चालवून बघितलं तर हा माणूस ठीक वाटणार. त्रास उतारावर आणि उंचसखल जमिनीवर. आपल्याकडे घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी असते, पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि पाखाडी उतरताना पाऊल सर्वात जास्त वर वाकावं लागतं, नेमकं तेच होत नाही. ‘चालताना दुखतं’ लिहू नका. ‘पायरी उतरताना आडवा पाय टाकावा लागतो, कातळावर पाऊल बाहेरच्या बाजूला मुरगळतं, अर्ध्या तासाने सूज येते’ असं डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या.

तपासण्या शक्यतो ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकच्या रेफरलने करा. खर्च वाचतो आणि कागदाला सरकारी नोंद मिळते.

४० टक्क्यांच्या दाखल्याबद्दल: तो दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याखालचा, यूडीआयडी कार्डासाठीचा. एसटी-रेल्वे सवलतीला कामाचा. त्याची मोजणी वेगळ्या मार्गदर्शक तत्त्वांनी होते. लष्करी टक्केवारी मेडिकल बोर्डच ठरवतं. जोडला तर गुन्हा नाही, पण अपिलात ‘मला ४० टक्के आहे’ असं लिहिलंत तर समोरचा म्हणणार की २०१९ नंतर वाढलं, म्हणजे सेवेनंतरचं. उगाच त्याच्या हातात काठी द्यायची कशाला.

आणि कृपा करून अमेरिकेच्या व्हीएचे, म्हणजे तिथल्या माजी सैनिक खात्याचे, व्हिडिओ बघून आकडे सांगू नका. तिथे घोट्याची हालचाल मध्यम कमी असेल तर १० टक्के, फारच कमी असेल तर २०, असं कोष्टकच आहे आणि १० टक्क्यांनाही पैसे मिळतात. आपल्याकडे मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याला २० च्या खाली काहीच नाही. दोन देश, दोन हिशोब.

सडेकर:

दोघांचेही आभार. पोटरीचा घेर डोक्यातच आला नव्हता. पण आयएएफवाय-२००६ चं अजून सुटलं नाही. नाईक म्हणतात भरला होता, कमांडिंग ऑफिसरची सहीही झाली होती, प्रत मिळाली नाही.

पाखाडी (राजापूर):

प्रत जवानाला सहसा मिळतच नाही, त्यामुळे त्यांचं चुकलं नाही. शोधायचा कुठे ते सांगते.

माहिती अधिकारात अर्ज. rtionline असं जे सरकारी पोर्टल आहे, आरटीआय ऑनलाइन, तिथे लष्कराचा पर्याय आहे, नाहीतर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून थेट रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला. मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर बेळगाव. अर्ज नाईकांच्या सहीने जायला हवा, सडेकर, तुमच्या नाही. वैद्यकीय कागद ही खाजगी माहिती. तिऱ्हाइताने मागितली की कलम ८(१)(जे) लावून परत येते आणि महिना वाया जातो. ओळखपत्राची आणि पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डरची) प्रत जोडा.

‘माझे सर्व मेडिकल डॉक्युमेंट द्या’ असं मोघम लिहू नका. नावानिशी मागा: आयएएफवाय-२००६, कमांडिंग ऑफिसरच्या मतासह, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचं निष्कर्षाचं पान, २०११ पासूनचे सगळे एएफएमएसएफ-१५, म्हणजे कॅटेगरी बोर्डाचे कागद, हॉस्पिटलात दाखल झाल्याची पार्ट टू ऑर्डर (युनिटची अधिकृत नोंद), डिस्चार्ज स्लिप, आणि एएफएमएसएफ-१६ संपूर्ण, सगळी पानं. ज्या मिलिटरी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथे केस शीटसाठी दुसरा अर्ज. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं माहिती-अपील.

आयएएफवाय-२००६ मिळालाच नाही तरी घाबरू नका. पहिला कॅटेगरी बोर्ड दुखापतीनंतर लगेच झालेला असतो, आणि त्याच्या हकिकतीत घटनेची तारीख, ठिकाण, कशी झाली आणि इंज्युरी रिपोर्ट भरला की नाही याची नोंद बहुतेकदा असते. त्या वेळी निदान ‘फ्रॅक्चर’ असं लिहिलेलं असणार. २०११ चा ‘फ्रॅक्चर’ आणि २०१९ चा ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’, तोच पाय, तोच सांधा, मधल्या प्रत्येक बोर्डात त्याच घोट्यावरून कॅटेगरी. ही पानं तारखेने लावून एकापुढे एक ठेवलीत की वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

उत्तर ‘कागद नष्ट केले’ असं आलं तर तेही जपून ठेवा. रिपोर्ट भरला नव्हता हे त्यातून सिद्ध होत नाही. खात्याने ठेवला नाही एवढंच होतं.

सामन्यात असलेल्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रं दोन पुरेत. नंबर, रँक, त्या वेळची कंपनी, तारीख, सामना कोणी भरवला, पाय कसा मोडला, कोणत्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं. दहा जणांची एकाच मजकुराची घेऊ नका, छापील वाटतात. गणपतीला चाकरमान्यांबरोबर जुने साथीदारही गावी येतात, नोटरीकडे तेव्हाच नेऊन आणा. एकदा विसर्जन झालं की कोण कुठे, पत्ता नाही.

शेवटचं, पण आपल्याकडे फार नडतं: कागदांची हालत. चार महिने दमट हवेत ट्रंकेतल्या एक्स-रे फिल्म एकमेकींना चिकटतात, ओढल्या की वरचा थर निघून येतो. डिस्चार्ज बुकाचे शिक्के पसरतात. आधी सगळं स्कॅन करा. चिकटलेल्या फिल्म जोराने सोडवू नका. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, शिक्का पडताळणीच्या वेळी अडचण होते.

बंदरवाट (वेंगुर्ले):

माझं मत वेगळं आहे. इतक्या उशिरा पहिलं अपील कशाला? मुदत सहा महिन्यांची होती, ती केव्हाच गेली. रेकॉर्ड ऑफिस ‘टाइम बार्ड’ लिहून परत पाठवणार. थेट आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलला (एएफटी, सैन्यदलांचं न्यायाधिकरण) जा, मुंबई खंडपीठ. निवृत्त माणसाला तो राहतो तिथल्या खंडपीठात दाखल करता येतं, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिस कर्नाटकात असलं तरी देवगडच्या माणसाला मुंबईच.

फाइलवाला:

बंदरवाट, खंडपीठाचं बरोबर. बाकीचं पटत नाही. २००७ च्या एएफटी कायद्यात कलम २१ आहे: आधी उपलब्ध असलेले उपाय वापरलेले असावेत. थेट गेलात तर पहिल्या तारखेलाच ‘आधी अपील करा’ ऐकायची वेळ येऊ शकते. म्हणून पहिलं अपील टाकायचंच, विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज जोडून. मंजूर झालं तर उत्तम. ‘टाइम बार्ड’ लिहून आलं तर तो लेखी नकार हातात आला. आणि सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तर त्याच कायद्याने उपाय संपल्यासारखं धरता येतं, त्यापुढच्या सहा महिन्यांत ट्रायब्युनल. तिन्ही वाटांनी तुम्ही पुढेच जाता. गुणवत्तेवर नाकारलं तर सहा महिन्यांत दुसरं अपील, ते सेकंड अपेलेट कमिटी ऑन पेन्शनकडे.

विलंबमाफीत ‘अज्ञान’ एवढंच लिहू नका. पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून नकाराचा अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो. हे तारसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. पण त्याच निकालात टोचणारी बाजूही आहे: थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल होण्याआधीच्या ३ वर्षांपुरतीच. २०१९ पासूनचं सगळं मिळेल असं नाईकांना सांगू नका. उलट इथून पुढे केलेल्या प्रत्येक महिन्याच्या उशिराला मागचा एक महिना गळतो. म्हणून आरटीआयचं उत्तर येईपर्यंत अपील अडवून ठेवू नये. हातात आहे त्यावर अपील टाका, ‘कागद मागवले आहेत, आल्यावर सादर करू’ अशी ओळ घाला.

अपील दोन पानांचं पुरे. इंग्रजीत किंवा हिंदीत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, फर्स्ट अपील कमिटीला उद्देशून. क्रम असा ठेवा: भरतीच्या वेळी दोन्ही घोटे निर्दोष, अमुक तारखेला युनिटने भरवलेल्या सामन्यात दुखापत, ऑपरेशन, कॅटेगरीची साखळी, बोर्डाने दुखापत असताना आजाराचे निकष लावले, म्हणून ‘अॅट्रिब्युटेबल’ मानावं, मग मागणी. २० टक्के तुम्हाला मान्य आहेत असं स्पष्ट लिहा. टक्केवारी उकरून काढली की पुन्हा मेडिकल बोर्ड, आणि तिथे ‘१५ ते १९’ असा शेरा पडला तर सगळंच हातचं जाईल. २० च्या खाली डिसॅबिलिटी एलिमेंटही नाही, राउंडिंगही नाही, हे ११ डिसेंबर २०१९ च्या एस. पी. राठोर निकालात पक्कं झालंय. पोट भरलंय तिथे पुन्हा ताट मागायचं नाही.

स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, एक प्रत ओरोसला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या. ते निर्णय देत नाहीत, पण पाठपुराव्याचं पत्र देतात. मंजुरी आली की सुधारित पीपीओ स्पर्शवर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर, दिसेल. तिथे अडकलं तर पेन्शन तक्रारीचं पोर्टल कामाचं. ‘नाना’ बदलायला मात्र ते पोर्टल कामाचं नाही.

बंदरवाट:

मान्य. कलम २१ माझ्या ध्यानात नव्हतं.

आपल्या किनाऱ्यावर नौदलाचे आणि कोस्ट गार्डचे लोक बरेच, त्यांच्यासाठी दोन ओळी. नौदलाच्या खलाशांनी बेळगाव वगैरे विसरावं, त्यांचे कागद मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे. जहाजावरच्या शिडीवरून घसरून घोटा गेला तर घटना ड्यूटीचीच. आणि सुटीला गावी येताना-जाताना झालेली दुखापत आपोआप बाद होत नाही: मदन सिंग शेखावत प्रकरणात १९९९ मध्ये सुटीवर घरी निघालेल्या जवानाला रेल्वेतून उतरताना झालेला अपघात सुप्रीम कोर्टाने सेवेतलाच धरला. तिकीट किंवा वॉरंट जपलं पाहिजे एवढंच.

कोस्ट गार्डवाल्यांचं गणित मुळातच वेगळं. त्यांना एएफटी नाही, पेन्शनचे नियमही केंद्रीय नागरी कर्मचाऱ्यांच्या एक्स्ट्राऑर्डिनरी पेन्शनचे. त्यांचा दरवाजा हायकोर्टाचा. बीएसएफ, सीआरपीएफचंही तेच. या धाग्यातला मसुदा त्यांनी उचलू नये.

सडेकर:

एक शंका राहिली. नाईकांचे मेहुणे शेजारच्या गावचे, तेही घोट्यावरच, पण स्वतःहून लवकर निवृत्ती घेतलेले. त्यांना कुणीतरी सांगितलं की स्वेच्छेने गेलात म्हणून काही मिळत नाही.

फाइलवाला:

जुनं ऐकीव. २९ सप्टेंबर २००९ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राने १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतर स्वतःहून निवृत्ती घेतलेल्यांनाही दार उघडलंय. वेगळी अट एकच: सेवेत असताना अपंगत्वापोटी एकरकमी भरपाई घेतलेली नसावी. सेवेत ठेवलेल्या अपंग जवानाला तसा पर्याय देतात, आणि एकदा ती रक्कम उचलली की त्या अपंगत्वाचं मासिक काही उरत नाही. दोघांनाही हे स्पष्ट विचारा. लोक विसरतात, खातं विसरत नाही.

आणि सडेकर, अपील लिहायला बसण्याआधी एक करा. एएफएमएसएफ-१६ च्या सुरुवातीला जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. दुखापत केव्हा, कुठे, कशी झाली, कोर्ट ऑफ इन्क्वायरी किंवा इंज्युरी रिपोर्ट झाला का, असे प्रश्न, खाली जवानाची सही. घरी जायच्या घाईत पुष्कळ जण तिथे ‘निल’ लिहून मोकळे होतात, आणि मग बोर्ड म्हणतं की तुम्हीच दुखापत सांगितली नाहीत. नाईकांच्या कागदावर काय आहे?

सडेकर:

आत्ता त्यांच्या घरून बघून आलो. पान ओलाव्याने पिवळं पडलंय, पण वाचता येतं. लिहिलंय: ‘२०११, युनिट कबड्डी, राइट अँकल, ऑपरेशन एमएचमध्ये’. इंज्युरी रिपोर्टसमोर ‘येस’. खाली त्यांची सही आणि बोर्डाच्या अधिकाऱ्याचीही.

फाइलवाला:

मग त्या पानाची रंगीत स्कॅन काढा आणि अपिलाला जोडपत्र क्रमांक १ म्हणून तीच लावा. बाकीचे कागद त्याच्या मागे.